झीग नदीकाठचे हाम : कर्ज, भाकर आणि सावकाराची कौम

जर्मनीच्या नकाशात हाम नावाची दोन ठिकाणे ठळकपणे सापडतात. एक वेस्टफालियातले मोठे औद्योगिक शहर, रेल्वेचे जंक्शन. हाम म्हटले की बहुतेकांना तेच आठवते. दुसरे अगदीच लहान. गोंधळ होऊ नये म्हणून त्याच्या नावापुढे कंसात नदीचे नाव लिहितात, हाम (झीग). आपल्याकडे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द करतात, तसाच हा प्रकार. झीग ही ऱ्हाईनची उपनदी. रोठार डोंगरांत उगम पावते आणि सुमारे दीडशे किलोमीटर वळणे घेत बॉनच्या जवळ ऱ्हाईनला मिळते. या खोऱ्याच्या दक्षिणेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ, थंड वाऱ्याचा पट्टा आहे. हाम त्याच्या कडेला, आल्टेनकिर्शेन जिल्ह्यात. लोकसंख्या तीन-साडेतीन हजार. म्हणजे आपल्याकडचे मध्यम आकाराचे एक गाव.

या गावावर मराठीत लिहायचे कारण साधे आहे. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात एक सोसायटी असते. सात-बारा, पीककर्ज, सचिव, मार्चअखेरची वसुली आणि दर पाच वर्षांनी गाव दुभंगवणारी निवडणूक, हे सगळे ज्या संस्थेभोवती फिरते ती संस्था. तिचा वंशवेल मागे शोधत गेलो की वाट झीगच्या खोऱ्यात जाते. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा माणूस ३० मार्च १८१८ रोजी हाममध्ये जन्मला. गोष्ट त्याची आहे. पण ती नुसत्या कौतुकाची नाही, आणि मुसलमान वाचकाने तर ती पूर्ण वाचायला हवी.

त्याच्या जन्माच्या आधीची दोन वर्षे भुकेची होती. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळाच नाहीसा केला. जून-जुलैत पाऊस आणि थंडी, धान्य शेतातच कुजले. नेपोलियनच्या लढायांनी आधीच पोखरलेल्या या प्रदेशात १८१६-१७ चा हिवाळा उपासमारीचा गेला. त्याच सुमारास हा सारा भाग प्रशियाच्या राज्यात सामील झाला होता. नवे राज्य, नवे अधिकारी, नवे कर.

जमीन मुळात हलकी. ओट, बटाटे आणि थोडी गुरे, एवढ्यावर संसार. वेस्टरवाल्डच्या बऱ्याच भागांत वडिलांची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. आपल्या वारसा हक्काच्या चर्चेत 'वाटण्या झाल्या की तुकडे होतात' हा आक्षेप मुसलमानांच्या कायद्यावर हमखास घेतला जातो. जर्मनीच्या ख्रिस्ती खेड्यांतही तेच घडत होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. तुकडा लहान झाला की त्यावर बैलजोडी परवडत नाही, गायीच नांगराला जुंपतात. वेस्टरवाल्डमध्येही लहान शेतकऱ्याची गाय दूध द्यायची, वासरू द्यायची, शेण द्यायची आणि नांगरही ओढायची. ती मेली की घर मोडले.

रायफायझेनचे वडील काही काळ हामचे मेयर होते. 'मेयर' म्हटल्यावर मुंबईचा महापौर डोळ्यांपुढे आणू नये. प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतातला ग्रामीण मेयर म्हणजे पाच-पंचवीस गावांचा कारभार पाहणारा सरकारी माणूस, आपल्या मामलेदाराच्या खालचा आणि पाटलाच्या वरचा. वडिलांचे पद फार काळ टिकले नाही आणि घर विस्कटले. नऊ भावंडांत हा सातवा. आईने सगळ्यांना सांभाळले. वरच्या शाळेत पाठवायला पैसे नव्हते. गावातले पाद्री झायपेल यांनी त्याला शिकवले. पुढे आयुष्यभर तो प्रत्येक गोष्टीचे कारण धर्मात शोधत राहिला, त्याची सुरुवात इथे आहे. सतराव्या वर्षी तो सैन्याच्या तोफखान्यात गेला. तिथे बरे चालले असते, पण डोळ्यांचा आजार जडला. १८४३ मध्ये सैन्य सोडून त्याला मुलकी नोकरीत यावे लागले आणि १८४५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हामपासून फार लांब नसलेल्या वायरबुशचा मेयर म्हणून त्याची नेमणूक झाली.

लगेच पुढच्या वर्षी दुष्काळ आला. बटाट्यावरच्या ज्या रोगाने आयर्लंडमध्ये लाखो माणसे मारली, त्याच रोगाने जर्मनीचा बटाटाही कुजवला, आणि १८४६ मध्ये धान्यही बुडाले. सरकारने कोठारातून पीठ पाठवले. सोबत हुकूम होता, रोख पैसे घेऊनच विकायचे. आता ज्याच्याकडे रोख पैसे आहेत त्याला सरकारी पिठाची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे पैसे नाहीत. दुष्काळी कामावर नेमलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला हे दिसते. बहुतेक जण हुकूम पाळतात. रायफायझेनने पीठ उधारीवर वाटले.

पण ते पुरेसे नव्हते. मग त्याने परिसरातल्या खात्यापित्या लोकांना एकत्र केले, त्यांच्याकडून पैसे उभे केले, बाहेरून धान्य आणवले आणि गावात सामाईक भट्टी उभी करून पाव भाजायला लावला. गरिबांना तो बाजारापेक्षा बराच स्वस्त आणि उधारीवर मिळे. पीक आल्यावर पैसे फेडायचे. जर्मन इतिहासात याला 'ब्रोटफेराइन' म्हणतात, म्हणजे 'पाव मंडळ'. १८४६-४७ चा तो हिवाळा त्या गावांनी या पावावर काढला.

इथपर्यंतची गोष्ट सज्जन अधिकाऱ्याची आहे. अशा गोष्टी प्रत्येक देशात सापडतात आणि बहुतेक तिथेच संपतात. दुष्काळ सरला की मंडळ मोडते, अधिकाऱ्याची बदली होते. रायफायझेनचीही बदली झाली, १८४८ मध्ये, फ्लामर्सफेल्डला. तिथे त्याला भुकेच्या मागचे दुसरे संकट दिसले. ते दर हिवाळ्याला येणारे नव्हते, बारमाही होते.

गाय मेलेल्या शेतकऱ्याला नवी गाय घ्यायला पैसे नसत. व्यापारी त्याला गाय देई, पण मालकी स्वतःकडे ठेवी. चारा शेतकऱ्याचा, मेहनत शेतकऱ्याची, झालेल्या वासरात वाटा व्यापाऱ्याचा. आपल्याकडे शेळी किंवा म्हैस अर्धलीने देतात, तशीच ही रीत. वरवर पाहता सौदा वाईट नाही. पण गाय चांगली पोसली गेली की व्यापारी ती परत नेऊन विके आणि मरतुकडी दुसरी आणून बांधी. हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत. उधारीवर घेतलेल्या बियाण्याचे, मिठाचे पैसेही त्याच वहीत चढत. काही वर्षांनी वही इतकी जाड होई की शेताचा तुकडा लिहून देण्याशिवाय गत्यंतर उरत नसे.

बँकेतून कर्ज का घेत नसत? कारण बँक शहरात होती आणि तिला शेतकरी दिसतच नव्हता. पाच एकरवाल्याची चौकशी करायला माणूस पाठवायचा खर्च कर्जाच्या व्याजाहून जास्त. तिच्या कर्जाची मुदत तीन महिन्यांची, आणि गायीचे वासरू तीन महिन्यांत येत नाही.

फ्लामर्सफेल्डमध्ये १८४९ साली त्याने साठेक सधन रहिवाशांना एकत्र करून मदत मंडळ काढले. मंडळाने स्वतः गुरे विकत घ्यायची, गरीब शेतकऱ्याला द्यायची आणि पाच वर्षांच्या हप्त्यांत पैसे वसूल करायचे. गाय पहिल्या दिवसापासून शेतकऱ्याच्या घरची. मंडळाकडे भांडवल कुठून आले? कर्ज काढून. आणि त्या कर्जाला साठ जणांनी आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी हमी दिली. पुढे गुरांऐवजी रोख कर्ज देणे सुरू झाले. १८५२ मध्ये तो ऱ्हाईनकाठच्या नॉयवीड शहराला लागून असलेल्या हेडेसडॉर्फला गेला. तिथे १८५४ मध्ये धर्मादाय मंडळ काढले. कर्जाबरोबरच टाकलेल्या मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय असे सगळेच हाती घेतले.

हे मंडळ हळूहळू ढेपाळले. मला या संपूर्ण चरित्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि गौरवग्रंथांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. सधन लोक पहिल्या वर्षी उत्साहाने हमी देतात. दुसऱ्या वर्षी विचारतात, अजून किती दिवस? ज्यांच्यासाठी मंडळ काढले ते सभासद नव्हतेच. ते हात पसरून घेणारे होते आणि बाकीचे देणारे. देणाऱ्याचा हात थकला की सगळेच थांबणार. आपल्याकडच्या कितीतरी बैतुलमालांचे आणि मदत कमिट्यांचे असेच होते. रमजानमध्ये पावत्या फाटतात, सफरपर्यंत कपाटाला कुलूप. खैरात वाईट असते असे मी म्हणत नाही. पण खैरातीवर बियाणे उधार मिळत नाही.

रायफायझेनला ही गोष्ट पटायला दहा-बारा वर्षे लागली. तो मनाने धर्मादायवालाच होता. ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्यावर प्रेम करावे, एवढ्यावर सगळे उभे राहील असे त्याला मनापासून वाटे. ते उभे राहत नाही हे त्याने नाइलाजाने मान्य केले. १८६२ मध्ये आनहाउझेन गावात आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फमध्ये नव्या धर्तीची कर्ज मंडळे निघाली. त्यांत एक बदल होता. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद व्हायचे, आणि सभासद झाला की तोही इतरांच्या कर्जाचा जामीन.

याचा अर्थ नीट समजून घेऊ. समजा गावात चाळीस लहान शेतकरी आहेत. एकेकट्याची पत शून्य. पण चाळीस जण एकत्र येऊन लिहून देतात की आमच्यापैकी कुणीही बुडाला तर बाकीचे आपल्या शेत-घरासकट ते देणे फेडतील. आता ठेवीदार पैसे ठेवायला घाबरत नाही. यालाच अमर्याद जबाबदारी म्हणतात. शब्द भयंकर आहे आणि अर्थही भयंकरच आहे. म्हणून क्षेत्र लहान ठेवायचे, एका चर्चच्या हद्दीएवढे, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाची गाय माहीत असते. कर्ज कशाला घेतले आणि कुठे गेले हे शेजारी पाहतोच, कारण त्याचे शेत त्यात अडकले आहे. पदाधिकाऱ्यांना पगार नाही, फक्त हिशेबनिसाला मेहनताना. नफा वाटायचा नाही. तो सामाईक राखीव निधीत जाईल आणि तो निधी कुणालाही फोडता येणार नाही. मुदत शेतीच्या चक्राप्रमाणे, वर्षांची.

यात काच होताच. ज्याला जामीन मिळत नाही असा अगदी तळचा मजूर बाहेरच राहिला. शेजारी पाहतो याचा अर्थ शेजारी नाकही खुपसतो. दारू पिणाऱ्याला, चर्चला न जाणाऱ्याला गावाने कसे वागवले असेल याची कल्पना खेड्यात वाढलेल्या कुणालाही करता येईल.

आणि व्याज? इथे माझ्या वाचकांपैकी काही जण थांबले असतील. रायफायझेनची मंडळे व्याज घेत होती. माफक, पण व्याजच. ठेवीदारालाही देत होती. 'पाहा, युरोपने इस्लामचाच विचार उचलला' अशा थाटाचे लेख अधूनमधून फिरत असतात. त्यांत हाही लेख जमा होऊ नये अशी इच्छा आहे. सूरह बकरामध्ये कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड देण्याची शिकवण आहे, आणि कर्ज लिहून ठेवण्याची, साक्षीदार घेण्याची सविस्तर सूचनाही आहे. शेतकऱ्याला पीक येईपर्यंत सवड देणारे मंडळ या शिकवणीच्या जवळ येते, व्याज घेणारे मंडळ दूर जाते. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. बिनव्याजी पतसंस्था चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र हामच्या या माणसाची हिशेबपद्धत जरूर अभ्यासावी. हेतू चांगला असूनही मंडळ का मोडते, याचा इतका प्रामाणिक अनुभव दुसरीकडे क्वचित मिळेल.

एक भाषेची गंमत सांगून पुढे जातो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशा गोष्टी डोळ्यांत भरतात. मराठीत कर्ज, जामीन, दस्तऐवज, हप्ता, रक्कम, वसुली, जप्ती हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले. व्याज तेवढे संस्कृत. देण्याघेण्याची आपली सगळी भाषा अशी मिसळलेली आहे, तरी 'सावकार' म्हटल्यावर मनात एखाद्याच जातीचे चित्र येते. त्याकडे पुढे वळणारच आहे.

१८६५ मध्ये आजारपण आणि अधू दृष्टीमुळे त्याला नोकरी सोडावी लागली. पत्नी एमिली दोन वर्षांपूर्वीच वारली होती. निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे की घर चालवायला त्याने आधी सिगारचा कारखाना काढला, नंतर दारूचा व्यापार केला. याच काळात, १८६६ मध्ये, त्याचे कर्ज मंडळांवरचे पुस्तक आले. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हते. मजकूर तो सांगे आणि मोठी मुलगी अमालिए लिहून घेई. पत्रव्यवहारही तीच पाही. मुखपृष्ठावर नाव वडिलांचेच. जगभर पसरलेल्या एका चळवळीचे मूळ पुस्तक एका मुलीच्या हस्ताक्षरात उतरले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

त्याच वेळी जर्मनीत दुसरा एक माणूस याच विषयावर काम करत होता, हेर्मान शुल्त्झे-डेलित्श. हा शहरी, उदारमतवादी, कायदा जाणणारा. त्याच्या पतपेढ्या कारागीर आणि छोट्या दुकानदारांसाठी होत्या. सभासदाने भाग विकत घ्यायचा, नफ्यातून लाभांश मिळवायचा, कर्ज तीन महिन्यांत फेडायचे. त्याचे म्हणणे असे की रायफायझेनचा प्रकार धोक्याचा आहे, अल्प मुदतीच्या ठेवी घेऊन वर्षानुवर्षांची कर्जे द्याल तर एक दिवस पत्त्यांचा बंगला कोसळेल. हिशेब म्हणून हा आक्षेप चुकीचा नव्हता. दोघांचे भांडण वर्षानुवर्षे चालले, न्यायालये आणि संसदेपर्यंत गेले. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत दोन्ही परंपरांचे संघ एक झाले. आज जर्मनीतल्या शेकडो शाखांच्या पाट्यांवर 'फोक्सबँक रायफायझेनबँक' असे जोडनाव असते. हयातीत ज्यांचे पटले नाही त्यांची नावे एका पाटीवर आली.

हिंदुस्थानात ही कल्पना आली ती दुष्काळ आणि दंगलीच्या मागोमाग. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. पाहता पाहता पुणे-नगर भागात हे लोण पसरले. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पण कायद्याने सावकाराचा हात बांधला तरी पेरणीला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तसाच राहिला. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची योजना मांडली, ती लंडनला जाऊन अडली. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या शेतकी बँकांचा अभ्यास करायला सांगितले. १८९५ आणि १८९७ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल आला. शेकडो पानांनंतर त्याचा सल्ला थोडक्यात असा की इथेही रायफायझेनच शोधायला हवा.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात संस्थांचे दोन प्रकार होते, ग्रामीण आणि शहरी. ग्रामीण संस्थेत पाचातले चार सभासद शेतकरी हवेत, जबाबदारी अमर्याद, नफा राखीव निधीत. म्हणजे शब्दशः झीगच्या खोऱ्यातली पद्धत. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने ग्रामीण पतसंस्था उभी राहिली. आज ते गाव कर्नाटकात गदगजवळ आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, साखर कारखाने ही पुढची कहाणी मराठी वाचकाला माहीत आहे. नफा न वाटण्याची आणि बिनपगारी पदाधिकाऱ्यांची मूळ अट तिथपर्यंत पोचेतो किती उरली होती, तेही माहीत आहे.

आता राहिलेली बाजू. वेस्टरवाल्ड आणि शेजारच्या हेसेन भागात गुरांचे व्यापारी आणि उधार देणारे यांच्यात ज्यू बरेच होते. याचे कारण रक्तात नव्हते. शतकानुशतके ज्यूंना जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघात बंदी, सरकारी नोकरीत बंदी. उरले काय? फेरीचा धंदा, गुरांचा व्यापार आणि उधार-उसनवार. संपूर्ण कायदेशीर समानता मिळाली ती १८६९ ते १८७१ च्या दरम्यान. बहुसंख्य खेडवळ ज्यू स्वतःच गरीब होते, पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव हिंडणारे. आणि अडलेल्याला पिळणारे ख्रिस्ती सावकार, गिरणीवाले, खानावळवाले यांचीही कमी नव्हती. पण 'वुखर', म्हणजे नडलेल्याकडून लुटून घेतलेले व्याज, हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ज्यूच येई.

रायफायझेनच्याही आला. उत्तरायुष्यातल्या त्याच्या लिखाणात ज्यूंविरुद्धचा विखार उघड दिसतो. ज्यूंच्या व्यापाराला तो ख्रिस्ती शेतकऱ्याच्या नाशाचे कारण ठरवतो. चळवळीच्या गौरवग्रंथांनी यावर दीर्घकाळ पांघरूण घातले. अलीकडच्या जर्मन अभ्यासकांनी ते काढले आहे. 'त्या काळात सगळेच तसे बोलत' हे समर्थन दिले जाते. सगळेच बोलत नव्हते. त्याचा प्रतिस्पर्धी शुल्त्झे-डेलित्श ज्या उदारमतवादी पक्षात होता, तिथले लोक ज्यूंच्या समान हक्कांच्या बाजूने उभे होते.

मला खटकते ती यातली विसंगती. शेतकरी का नाडला जातो, याचे उत्तर या माणसाला इतर कुणाहीपेक्षा नेमके सापडले होते. दुसरा कर्ज देणारा नाही, मुदत चुकीची आहे, एकट्याला पत नाही. त्याने यातली एकेक गोष्ट बदलली आणि आनहाउझेनच्या शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळू लागले. ते मिळाले तेव्हा कुठल्याही ज्यूला काही करावे लागले नव्हते. स्वतःच्या हाताने सिद्ध केलेली गोष्ट तो लिहिताना विसरला.

त्याच्या अखेरच्या वर्षांत हा विषय राजकारणाचा झाला. १८८७ मध्ये हेसेनमधल्या मार्बुर्गमधून ओटो ब्योकेल हा तरुण संसदेत निवडून आला. लोकगीते गोळा करणारा ग्रंथपाल, शेतकऱ्यांचा लाडका. प्रचाराचा मुद्दा एकच, ज्यू. त्याने पुढे शेतकऱ्यांची संघटना काढली, ज्यूंना मज्जाव असलेले गुरांचे बाजार भरवले. त्याच वर्षी जर्मनीतल्या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने खेड्यातल्या सावकारीवर जाडजूड अहवाल छापला. माहिती गोळा करण्याची पद्धतच अशी की पाद्री, अधिकारी आणि जमीनदार यांना मत विचारायचे. त्यांनी ऐकीव तेच सांगितले आणि ते शास्त्र म्हणून छापले गेले. त्या पद्धतीवर तेव्हाच टीका झाली. पण छापलेले ते छापलेलेच. ब्योकेलचे बाजार काही वर्षांत विरले, त्याच्या गुरांच्या बाजाराने कुणाचे गहाण सुटल्याची नोंद नाही.

हे वाचताना आपल्याकडचे चेहरे आठवतात. सुप्याला जाळलेल्या वह्या प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांच्या होत्या. मुंबईच्या गिरणगावात पगाराच्या दिवशी दारात काठी घेऊन उभा असे तो पठाण. धर्माने मुसलमान, ज्या धर्मात व्याज हराम, आणि धंदा व्याजाचा. त्याचा जाच खराच होता. पण फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुले पळवतात अशी अफवा मुंबईत उठली तेव्हा जमावाच्या हाती सापडलेल्या प्रत्येक पठाणाच्या खिशात कर्जाची वही नव्हती. अफवेची दंगल झाली, दंगलीत दोन्हीकडची माणसे मेली आणि गिरणी कामगाराचे देणे होते तेवढेच राहिले.

रायफायझेन ११ मार्च १८८८ रोजी वारला, सत्तरावा वाढदिवस जेमतेम तीन आठवड्यांवर असताना. तोवर त्याच्या पद्धतीची शेकडो मंडळे जर्मनीत उभी होती. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि शेतीच्या सगळ्या सहकारी संस्था त्यांनी आपल्या एका सरकारी यंत्रणेत ओढून घेतल्या. संस्थापकाच्या लिखाणात त्यांना हवी ती वाक्ये तयारच होती.

हाममध्येही ज्यू राहत होते. त्यांची घरे होती, दुकाने होती, सिनेगॉग होते. म्हणजे ज्या मुलाने मोठेपणी त्यांच्याविरुद्ध लिहिले, तो त्यांच्या शेजारी वाढला होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग जाळली, फोडली गेली, त्यात हामचेही गेले. ज्यांना देश सोडता आला ते गेले, ज्यांना आला नाही त्यांना पूर्वेकडच्या छावण्यांत नेण्यात आले. झीगच्या खोऱ्यातली ज्यू वस्ती तिथे संपली.

२०१६ मध्ये युनेस्कोने सहकारी संस्थांची कल्पना आणि व्यवहार मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. जर्मनीने ती शिफारस केली होती. हाममधल्या रायफायझेनच्या जन्मघरी संग्रहालय आहे. तिथून निघून वायरबुश, फ्लामर्सफेल्ड करत नॉयवीडपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला त्याचेच नाव आहे. त्यातला काही भाग त्याने मेयर असताना स्वतः बांधून घेतला होता, शेतकऱ्यांचा माल ऱ्हाईनपर्यंत पोचावा म्हणून.